कानमास्तरांच्या नावाचं कुलूप

ऑफिसात तिला सगळे कुलूपमावशी म्हणत आणि ती ओ देत असे. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण तिथे डोकवायची तसदी कोणी घेत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत अकरा टेबलं होती. त्यातलं खिडकीजवळचं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारलेलं, ते तिचं. डाव्या बाजूला भिंत. ही जागा तिने स्वतः मागून घेतली होती. का, ते पुढे येईलच.

कंपनीचं काम म्हणजे इंटरनेटवरची नावं नोंदवून देणं. आपण पडद्यावर एखाद्या दुकानाचं नाव टाइप करतो आणि दुकानाचं पान उघडतं. ते नाव कुणीतरी रीतसर नोंदवून घेतलेलं असतं. त्याला डोमेन म्हणतात. दुकानाची पाटीच म्हणा ना. फरक एवढाच, की भिंतीवरची पाटी चोरायला निदान शिडी तरी लागते, हे नाव घरबसल्या उचलता येतं. चोर मालकाचं सोंग घेतो, नाव दुसऱ्या कंपनीत हलवतो आणि मग पाटी तुमची, दुकान त्याचं. तुमची गिऱ्हाइकं त्याच्या दारात जातात, तुमची पत्रं तो वाचतो. म्हणून प्रत्येक नावाला एक कुलूप असतं. ते काढल्याशिवाय नाव जागचं हलत नाही. ही कुलपं काढायचं काम मावशीकडे होतं. खरं सांगायचं तर ती न काढायचंच काम जास्त करायची.

कंपनीचा नियम सोपा होता. मालकाने नोंदवलेल्या ई-मेलवर विचारायचं, तिकडून होकार आला की पाच दिवस थांबायचं, आणि मग नाव सोडायचं. मावशीने त्याला आपल्या पदरचा एक नियम जोडला होता. ती मालकाला फोन करायची. आधीची एकोणीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. माणूस घसा साफ करतो तेवढ्यावरून तिला त्याचं अर्धं पाणी कळायचं. "नाव हलवताय म्हणे," ती विचारायची, "का बरं?" तिचा अनुभव असा, की खरा मालक यावर तक्रार करतो आणि चोर कारणं देतो. खरा म्हणतो, तुम्हाला काय करायचंय, चार दिवस झाले अजून काम होत नाही. चोर मात्र शांतपणे तीन मुद्दे सांगतो. सात वर्षांत तिने असे एकवीस जण पकडले होते आणि साहेबांनी, वयाने तिच्या धाकट्या भावासारखे असूनही, तिच्या फोनच्या बिलाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

आता भिंतीचं. मावशीचा डावा कान गेली तीन वर्षं हळूहळू संप करत होता. ज्या बाईची सगळी पुण्याई कानावर, तिने ही गोष्ट कुणाला सांगायची? म्हणून तिने तो कान भिंतीला लावून ठेवला होता. भिंत काही बोलत नाही, त्यामुळे भागत होतं.

त्या आठवड्यात सोमवारी आलेला एक अर्ज तिच्या टेबलावर बुधवारी पोचला. 'कानमास्तर' या नावाचं कुलूप काढून ते परदेशातल्या एका कंपनीकडे द्यावं, अशी मालकाची विनंती. नोंदवलेल्या पत्त्यावर विचारलं होतं, त्याच पत्त्यावरून होकार आला होता, त्या पत्त्यावर पाठवलेला खुणेचा आकडाही बरोबर होता. सगळं कसं नाकासमोर. शुक्रवारी पाच वाजता यंत्र आपोआप नाव सोडणार होतं.

मावशीने मालकाचं नाव वाचलं आणि ते पुन्हा एकदा वाचलं. तो माणूस जाऊन चौदा महिने झाले होते.

तिला हे माहीत होतं, कारण त्याची बायको एक वर्षापूर्वी याच टेबलासमोर उभी राहिली होती. करड्या केसांची, नीटनेटकी बाई. दोन्ही कानांत यंत्रं आणि नजर सारखी मावशीच्या ओठांवर. "आमचे हे गेले," ती म्हणाली होती. "नोंदीत त्यांचं नाव आहे. ते काढावंच लागेल का?" नियमाप्रमाणे उत्तर एकच होतं. पण मावशीने त्या बाईच्या हाताकडे पाहिलं. ती पर्सचा बंद घट्ट धरून उभी होती, परीक्षेच्या निकालाला उभी असल्यासारखी. मावशी म्हणाली, "राहू द्या हो. कुणाला कुठे टोचतंय? घाई काय आहे?"

या 'राहू द्या'ला कारण होतं. मावशीच्या स्वतःच्या नोकरीच्या कागदांत एक रकाना होता, 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे'. तिथे अजून तिच्या थोरल्या ताईचं नाव होतं. ताई जाऊन चार वर्षं झाली होती आणि तिचा नंबर आता नळ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे गेला होता. मावशीने एकदा न राहवून तो लावून पाहिला, तर पलीकडून विचारणा झाली, काय तुंबलंय? तरीही तिने रकाना बदलला नव्हता. दुसऱ्याला कडू औषध द्यायचं तर आधी आपण कधीतरी घेतलेलं असावं लागतं.

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मावशी, कागदावर हा माणूस जिवंत आहे. त्याने होकारही दिलाय. मी नुसतं अडवून धरलं तर उद्या हाच भामटा आपल्यावर तक्रार करेल, आणि तीसुद्धा नियमाला धरून. मला घरच्यांकडून कागद हवा. मृत्यूचा दाखला आणि नाव बदलायचा अर्ज. शुक्रवारी पाचच्या आत आला तर मी त्याच क्षणी थांबवतो."

"आणि नाही आला तर?"

"तर परदेशातून नाव परत आणणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. तुम्हीच मला शिकवलंय."

मावशी टेबलाशी येऊन फोनला बसली. नोंदीतला नंबर वाजत राहिला. अकरा वेळा लावून झाल्यावर तिला स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटली. जिला ऐकू येत नाही त्या बाईला ती दुपारभर फोन करत होती. पत्र लिहावं म्हटलं, तर 'तुमचं नाव धोक्यात आहे, सोबतच्या अर्जावर ताबडतोब सही करा' असं तर चोरच लिहितात. शहाण्या बाईने ते पत्र फेकूनच दिलं असतं. दुसऱ्या दिवशी मावशीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कोरा अर्ज आणि चोराच्या विनंतीची छापील प्रत पिशवीत घातली आणि निघाली.

पत्ता शिंप्याच्या दुकानामागे होता. तीन पायऱ्या, निळं दार, दाराशी बटण. बटण दाबल्यावर काही वाजलं नाही. दाराच्या वरच्या काचेतून आतला एक दिवा उघडझाप करताना दिसला. मग पावलं वाजली.

दारात तीच करड्या केसांची बाई होती. कानमास्तरांची बायको म्हणून तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. तिने मावशीला लगेच ओळखलं. "थांबा हं," म्हणत तिने टेबलावरच्या बशीतून दोन्ही यंत्रं उचलून कानात घातली. "काम करताना मी कान काढून ठेवते. उगाच भुणभुण नको."

खोलीभर एकच लांब टेबल होतं. त्यावर वाकवता येणारा दिवा, भिंग, चिमटे, दात घासायच्या ब्रशाहून मऊ असे चारपाच ब्रश आणि पुठ्ठ्याच्या डब्यांच्या रांगा. प्रत्येक डब्यात कानात घालायचं एकेक बिघडलेलं यंत्र आणि डब्यावर मालकाचं नाव. मावशीने मोजले नाहीत, पण चाळीस तरी असतील. डब्याखाली त्या त्या माणसाचं पत्र छापून ठेवलेलं. एकात लिहिलं होतं, नात पुढच्या महिन्यात शाळेत गाणार आहे, तोवर होईल का?

"सगळे ई-मेलने पत्रच लिहितात," मास्तरीणबाई म्हणाली. "फोन कोण करणार? करणाऱ्याला ऐकू येत नाही आणि घेणारीलाही येत नाही."

ती हसली. मावशी मात्र डब्यांच्या रांगांकडे बघत होती. या सगळ्या माणसांना कानमास्तर या नावाचा एकच ई-मेलचा पत्ता ठाऊक होता. उद्या पाचनंतर त्यांची पत्रं तिसऱ्याच कुणाच्या हातात पडली असती. त्याने उत्तरं दिली असती, यंत्रं भलत्याच पत्त्यावर मागवली असती, आणि ही बाई इथे दिवा कधी लागतो याची वाट बघत बसली असती.

चहा झाला. चहाबरोबर मास्तरांची गोष्टही झाली, कारण त्या घरात ती सांगितल्याशिवाय कोणाला सोडत नसत. मास्तर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. लग्नानंतर वर्षभरात बायकोचं कानातलं यंत्र बंद पडलं. दुकानदार म्हणाला, हे फेका, नवं घ्या. मास्तर म्हणाले, मी बघतो. त्यांनी ते उघडलं आणि पार वाट लावली. दुसरं आणलं, त्याची थोडी कमी वाट लावली. तिसरं मात्र चाललं.

"तीन महिने मला काही ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली. "पण मी हूं की चूं केलं नाही. हे इतके खुश होते ना." पुढे तिने त्यांच्याकडूनच काम शिकून घेतलं. लोकांनी त्यांना कानमास्तर केलं आणि तेच नाव त्यांनी इंटरनेटवर नोंदवलं.

मग मावशीने एकदाचं सांगितलं. ओठ नीट दिसतील अशी समोर बसून, एकेक शब्द सुटा करून. सांगून झाल्यावर म्हणाली, "चूक माझी आहे. तुम्ही विचारायला आला होतात. मीच म्हणाले, राहू द्या."

मास्तरीणबाई बराच वेळ डब्यांची रांग सरळ करत राहिली. ती आधीच सरळ होती.

"विजेच्या बिलावरून काढलं," ती म्हणाली. "बँकेतून काढलं. दवाखान्याच्या कार्डावरून काढलं. हे एकच राहिलं होतं. महिन्यातून एकदा मी ती नोंद उघडून बघते. मालक, आणि पुढे यांचं नाव. बरं वाटतं."

"त्यांची ई-मेलची पेटी कधी उघडून बघितली होती?"

"त्यांची पत्रं ती. मी कशाला उघडू? चौतीस वर्षांत आम्ही एकमेकांचं पाकीट फोडलं नाही."

तिथेच घोडं पेंड खात होतं. वर्षभर कोणी उघडली नाही म्हणून ती पेटी बंद झाली होती. बंद झालेला पत्ता मागेल त्याला मिळत होता, आणि कुणीतरी तो मागून घेतला होता. पुढचं सोपं. कंपनीने मालकाला विचारलं आणि मालकाच्या पत्त्यावरून चोराने हो म्हटलं. सावधगिरीच्या सूचनाही त्यालाच गेल्या. हे पाप ना लोभाने घडलं होतं, ना हलगर्जीपणाने. दोन बायकांच्या भिडेने घडलं होतं. मला विचाराल तर चोरांना जगात सगळ्यात जास्त मदत भिडस्त माणसांचीच होते.

"तुम्ही आता जा," मास्तरीणबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला बघू दे."

मावशीने अर्ज आणि ती छापील प्रत टेबलावर ठेवली. दारात पोचली तोच पाठीमागून प्रश्न आला. "डावा कधीपासून?"

मावशी वळली. तीन वर्षांत हे कुणालाही कळलं नव्हतं. अकरा टेबलांना नाही, साहेबांनाही नाही.

"तीन वर्षं."

"तुम्ही चहा घेताना खुर्ची फिरवलीत. कुणाला सांगितलं नाहीत?"

"नाही."

मास्तरीणबाईने मान डोलावली. त्यात दया अजिबात नव्हती. आपल्याच घरातलं कुणीतरी भेटल्यावर माणूस डोलावतो तशी डोलावली होती. मावशीला परतीच्या रस्त्यावर उगीचच भरून आलं.

शुक्रवारी मावशीने डबा उघडला नाही. तीन वाजले. साडेतीन वाजले. साहेब दोनदा बाहेर येऊन घड्याळाकडे बघून आत गेले. चार वाजता मावशीला वाटलं पुन्हा जावं, पण जाऊन काय करणार होती? नवऱ्याचं नाव खोडायला लावणारी बाई ती, तिने दुसऱ्यांदा कोणत्या तोंडाने बटण दाबायचं? तिला आठवलं, की ताईचं कपाट रिकामं करायचं होतं तेव्हा तीही आठ दिवस नुसती किल्ली हातात घेऊन बसली होती. कुणी घाई केली असती तर तिने त्याला घराबाहेर काढलं असतं.

चार वाजून वीस मिनिटांनी मास्तरीणबाई दारात दिसली. जिना चढून दम लागला होता. ती सरळ मावशीच्या उजव्या हाताला येऊन बसली आणि चोराच्या विनंतीची प्रत तिने टेबलावर पसरली.

"हे मी सकाळपासून वाचतेय," ती म्हणाली. "वर त्यांचा पत्ता, खाली या सोमवारची तारीख. पहिल्यांदा बघितलं तेव्हा क्षणभर मला वाटलं..." तिने कागदाची घडी तळव्याने सपाट केली.

"मग नीट वाचलं. 'कृपया तातडीने कार्यवाही करावी.' यांनी उभ्या जन्मात कुणाला तातडीने म्हटलं नाही हो. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की त्याला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी द्यायचे." तिने कागदावर बोट टेकवलं. "कुणीतरी माझ्या माणसाच्या खुर्चीत बसून त्याच्या नावाने बोलतंय. इतके दिवस मला वाटायचं, ते नाव मी जपतेय. मी तर दार उघडं टाकलं होतं. काढा नाव."

पर्समधून दाखला निघाला, भरलेला अर्ज निघाला. मालक या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं. अक्षर शाळेतल्या मुलीसारखं टपोरं, एकदा लिहून पुन्हा गिरवलेलं. मावशीने कागद घेतले आणि चालत नाही, जवळजवळ धावत साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी दाखला दोनदा वाचला, शिक्का मारला आणि स्वतःच कळफलकाशी बसले. पाचला सतरा मिनिटं असताना विनंती रद्द झाली. कुलूप होतं तिथेच राहिलं, वर आणखी एक पडलं. साहेबांनी खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले, तेव्हा मावशीचा जीव भांड्यात पडला.

नवा पत्ता कुठला द्यायचा ते मावशीने समजावून सांगितलं. "कानमास्तर या नावाचाच पत्ता इथे नाही द्यायचा. ते म्हणजे घराची किल्ली घरातच ठेवल्यासारखं झालं. घर गेलं की किल्लीही गेली. वेगळी पेटी घ्या, आणि महिन्यातून एकदा तिच्यात डोकवा. पत्र असो वा नसो."

"म्हणजे महिन्याचं बघणं चालूच."

"चालूच. फक्त आता तुमची स्वतःची पेटी."

मास्तरीणबाईने पडद्यावरची नोंद बघायला मागितली. मावशीने पडदा तिच्याकडे वळवला. मालक, आणि पुढे तिचं नाव. तिने ते वाचलं आणि तोंडावर रुमाल धरला. मावशीने तिला रडू दिलं. थोड्या वेळाने तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "वर काय लिहिलंय ते पण वाचा. कानमास्तर. पाटीवर तेच आहेत. ते कुठे गेले नाहीत. किल्ली तेवढी तुमच्याकडे आली."

मास्तरीणबाईने रुमालातून डोळे पुसले आणि वरचा शब्द वाचला. मग चोराच्या विनंतीची प्रत उचलून तिने तिचे बारीक बारीक तुकडे केले आणि ते इकडे तिकडे न टाकता पर्समध्ये ठेवले. "घरी नेऊन टाकते," ती म्हणाली. "तुमच्या ऑफिसात कचरा नको."

सोमवारी सकाळी मावशीने हजेरी लावली आणि कारकुनाकडून स्वतःची फाइल मागून घेतली. चार वर्षांपूर्वी गेलेल्या ताईच्या नावावर तिने एक सरळ रेघ मारली. हात थांबला, पण रेघ पूर्ण झाली. खाली तिने मास्तरीणबाईचं नाव लिहिलं. फोनच्या रकान्यात लिहिलं: 'फोन करू नये. घरी जाऊन बटण दाबावे, आत दिवा लागतो.' नातं या रकान्याशी मात्र ती अडखळली. ग्राहक लिहावं तर खोटं, ओळखीच्या लिहावं तर अपुरं.

साहेब पाठीमागून डोकावले. "मावशी, नातं राहिलंय."

"माहितेय. ज्याचं त्याला विचारल्याशिवाय लिहायचं नसतं. एवढं तरी शिकले मी."

तिने पडदा पुढे ओढला आणि कानमास्तरांच्या पत्त्यावर, त्या शुक्रवारी हातून जाता जाता राहिलेल्या पत्त्यावर, चार ओळी लिहिल्या. असा असा रकाना आहे, तुमचं नाव घातलंय, चालेल का, आणि नातं काय लिहू.

दुपारी चहाच्या वेळी उत्तर आलं.

'बहीण लिहा. घाई नाही, पण शनिवारी डावा कान घेऊन या. डब्यावर नाव घालून ठेवलंय.'